घाटावरचा लक्ष्यवेध : बुलढाणा जिल्ह्यातील नेमाचे खेळ आणि तरुणांचा सहभाग

ठरावीक अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याच्या खेळांचे आजच्या स्पर्धाविश्वात दोन मोठे गट पडतात : रायफल, पिस्तूल किंवा शॉटगनने होणारी नेमबाजी आणि धनुष्यबाणाने होणारी तिरंदाजी. दोहोंच्या संघटना, नियम आणि उपकरणे वेगळी असली, तरी शरीर स्थिर ठेवणे, श्वासावर ताबा मिळवणे आणि एकच कृती हजारो वेळा जशीच्या तशी करत राहणे ही दोहोंची मूळ मागणी एकच आहे. जिल्हा पातळीवरील क्लबकडे तरुण मुले-मुली का वळतात, किती काळ टिकतात आणि नेमक्या कोणत्या टप्प्यावर गळतात, हा प्रश्न महाराष्ट्रात बहुतेक वेळा मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा नागपूर या शहरांच्या संदर्भातच चर्चिला जातो. अमरावती विभागाच्या पश्चिम टोकाला असलेला, १३ तालुक्यांचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार २५,८६,२५८ लोकसंख्येचा बुलढाणा जिल्हा या चर्चेत क्वचित येतो. वास्तविक गेल्या काही वर्षांत या जिल्ह्याने तिरंदाजीत जे घडवले, त्यावरून या प्रश्नाची उत्तरे मोठ्या शहरांपेक्षा अधिक स्पष्टपणे मिळतात, कारण येथे पैसा, सुविधा आणि प्रसिद्धी यांचा थर पातळ असल्याने कारणे उघडी दिसतात.

प्रथम घडलेल्या गोष्टींची नोंद आवश्यक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये चीनमधील छंगतू येथे जागतिक पोलीस व अग्निशमन क्रीडा स्पर्धा झाल्या, तेव्हा बुलढाणा पोलीस दलातील मोनाली जाधव यांनी तिरंदाजीत सुवर्णपदक मिळवले. मे २०२३ मध्ये शांघाय येथील विश्वचषक टप्प्यात बुलढाण्याच्या प्रथमेश जावकर या अवघ्या १९ वर्षांच्या तिरंदाजाने कंपाउंड प्रकाराच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या त्या वेळच्या अग्रमानांकित खेळाडूला १४९-१४८ असे हरवले. १५ बाणांच्या आणि जास्तीत जास्त १५० गुणांच्या सामन्यात १४९ गुण याचा अर्थ १४ बाण दहाच्या वर्तुळात आणि एकच नऊच्या वर्तुळात. त्याच वर्षी मेक्सिकोतील एर्मोसिय्यो येथे झालेल्या विश्वचषक अंतिम स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले, आणि ऑक्टोबरमध्ये हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत अभिषेक वर्मा व नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासह कंपाउंड सांघिक सुवर्ण जिंकले. त्यानंतरच्या पिढीतील मिहिर अपार हा बुलढाण्याचाच तिरंदाज २०२५ मध्ये कॅनडातील विनिपेग येथे झालेल्या जागतिक युवा अजिंक्यपद स्पर्धेत २१ वर्षांखालील कंपाउंड संघाच्या सुवर्णविजयात सहभागी होता. रेल्वेस्थानक नसलेल्या जिल्हा मुख्यालयातून सहा-सात वर्षांत हे घडले, हे योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखे नाही.

या सगळ्या यशात 'कंपाउंड' हा शब्द वारंवार येतो, त्यामुळे तो प्रकार समजून घेतल्याशिवाय सहभागाच्या प्रश्नाला हात घालता येत नाही. भारतात स्पर्धात्मक तिरंदाजीचे तीन प्रकार रूढ आहेत. 'इंडियन राउंड' म्हणजे बांबूच्या धनुष्याने, नेम साधण्याचे यंत्र न लावता, तुलनेने कमी अंतरावरून होणारी स्पर्धा. शाळकरी मुलांचा प्रवेश बहुधा येथून होतो, कारण हे धनुष्य स्वस्त असते. 'रिकर्व्ह' म्हणजे टोके पुढे वळलेले धनुष्य, जे ऑलिंपिकमध्ये १९७२ च्या म्युनिक स्पर्धेपासून सलग वापरले जात आहे आणि ज्याचे लक्ष्य ७० मीटरवर असते. 'कंपाउंड' धनुष्याच्या दोन्ही टोकांना कप्पीसारखी चाके असतात. या धनुष्याचा शोध अमेरिकेतील मिसूरी राज्याच्या हॉलेस विल्बर अॅलन याने लावला आणि १९६९ मध्ये त्याला पेटंट मिळाले. दोरी पूर्ण ओढली गेल्यावर ही चाके ताणाचा मोठा हिस्सा स्वतःवर घेतात, म्हणजे ५५ पाउंडांचे धनुष्य ओढणाऱ्याच्या हातावर नेम धरण्याच्या क्षणी, चाकांच्या रचनेप्रमाणे, साधारण १४ पाउंडांचाच भार उरू शकतो. दोरी बोटांनी न सोडता 'रिलीज' नावाच्या छोट्या यंत्राने सोडली जाते, आणि धनुष्यावर भिंगाचे नेमयंत्र असते. लक्ष्य ५० मीटरवर, ८० सेंटिमीटर व्यासाचे असते आणि त्यातील दहा गुणांचे वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचे असते. पात्रता फेरीत ७२ बाण सोडावे लागतात, त्यामुळे कमाल गुण ७२० होतात.

ही तांत्रिक बाब जिल्हा पातळीवर थेट सामाजिक परिणाम घडवते. रिकर्व्हमध्ये पूर्ण ताण अंगावर झेलत नेम धरावा लागतो, म्हणून त्यासाठी लागणारी पाठीची आणि खांद्याची ताकद अनेक वर्षांत, जाणत्या प्रशिक्षकाच्या सतत नजरेखाली आणि बऱ्यापैकी आहाराच्या आधारावर तयार होते. कंपाउंडमध्ये स्थिर नेमाचा टप्पा लवकर गाठता येतो आणि मुलाला आपली प्रगती गुणांच्या आकड्यात महिन्यागणिक दिसते. ज्या ठिकाणी एकच प्रशिक्षक आहे, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा आहारतज्ज्ञ नाही आणि पालक दोन वर्षांत काही निष्पन्न होते की नाही याकडे पाहत असतात, तेथे कंपाउंडकडे झुकण्यामागे हिशेब आहे. याची दुसरी बाजूही आहे. कंपाउंडचे यंत्र आयातीवर अवलंबून असते, त्याची जुळणी सूक्ष्म असते, चाक किंवा दोरी बिघडली तर जिल्ह्याच्या बाजारात दुरुस्ती मिळत नाही. सुरुवात सोपी आणि पुढचा रस्ता महाग, असे या प्रकाराचे स्वरूप असल्याने गळती आरंभी न होता दुसऱ्या टप्प्यावर होते. बुलढाण्याच्या सहभागाचा सर्वांत महत्त्वाचा गुणधर्म हाच मानावा लागतो.

यशामागचे दुसरे कारण व्यक्तिगत आणि संस्थात्मक यांच्या मधले आहे. बुलढाणा पोलीस दलात नोकरी करत तिरंदाजी शिकवणारे चंद्रकांत इलग यांच्या हाताखाली जावकर, अपार आणि मोनाली जाधव या तिघांची घडण झाली. महाराष्ट्रातील जिल्हा पोलीस दलांना मोकळे मैदान, शिस्तीची सवय आणि पोलीस क्रीडा स्पर्धांची दीर्घ परंपरा असते. धनुष्यबाणासारख्या, चुकल्यास इजा करू शकणाऱ्या खेळासाठी हे वातावरण अनुकूल ठरते, आणि मुलीला पहाटे सरावाला पाठवताना 'सर पोलिसात आहेत' हे वाक्य पालकांच्या दृष्टीने किती वजनदार असते, हे विदर्भातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात राहिलेल्या वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. शिवाय पोलीस भरती आणि सैन्य भरती हा या जिल्ह्यातील तरुणांच्या आयुष्याचा मोठा भाग आहे. पहाटे मैदानावर धावणारी, गोळाफेकीचा सराव करणारी मुले कोणत्याही तालुक्यात दिसतात, आणि त्याच मैदानाच्या कडेला लक्ष्याचे फलक उभे राहिले की कुतूहलाने जवळ येणाऱ्यांची वानवा नसते. भरतीच्या सरावातून खेळाकडे आणि खेळातून पुन्हा नोकरीकडे अशी ही ये-जा आहे.

नोकरीचा हा धागा हलका समजू नये. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि दहावी-बारावीच्या परीक्षेत मान्यताप्राप्त स्पर्धांतील कामगिरीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. शहरी क्रीडासमीक्षक याकडे कित्येकदा नाक मुरडून पाहतात, जणू प्रमाणपत्रासाठी खेळणारा मुलगा खरा खेळाडू नव्हे. हा दृष्टिकोन अन्यायकारक आहे. सोयाबीन आणि कापसाच्या भावावर ज्या घराचे वर्ष ठरते, त्या घराने मुलाचे किंवा मुलीचे रोजचे तीन तास एका खेळाला द्यायचे असतील, तर त्या तासांचा काही हिशेब मागितला जाणे स्वाभाविक आहे, आणि ज्या खेळांत हा हिशेब देता येतो तेच खेळ अशा जिल्ह्यांत टिकतात. दोष आहे तो प्रमाणपत्रांच्या बनावटगिरीत. राज्यभर अशी प्रकरणे उघडकीस आल्यानंतर क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून होणारी प्रमाणपत्र पडताळणी कडक झाली, आणि त्याचा फायदा तिरंदाजीसारख्या खेळाला झाला असे म्हणता येते, कारण येथे प्रत्येक बाणाचा गुण गुणपत्रकावर लिहिला जातो आणि ते गुण पंचांसमोर, प्रतिस्पर्ध्याच्या सहीने पक्के होतात.

सहभागाचा प्रवास कसा होतो, हे पायरीपायरीने पाहिल्यास चित्र असे दिसते. शालेय क्रीडा स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन वयोगटांत होतात, आणि जिल्हा, विभाग, राज्य व राष्ट्रीय अशा चढत्या क्रमाने खेळाडू पुढे जातो. सहावी-सातवीतील मूल बांबूचे धनुष्य घेऊन किंवा क्लबचे सामाईक कंपाउंड वापरून जिल्हास्तरावर उतरते, आणि अमरावतीच्या विभागीय फेरीत त्याला पहिल्यांदा खरी स्पर्धा भेटते. अमरावतीला १९१४ मध्ये स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये आहेत, तिरंदाजीचे जुने केंद्र आहे. म्हणजे विभागीय फेरीतील बुलढाण्याच्या मुलाचा प्रतिस्पर्धी हा सुविधांच्या दृष्टीने त्याच्यापेक्षा बराच पुढचा असतो. ही फेरी पार केली की प्रश्न येतो स्वतःच्या धनुष्याचा. सामाईक धनुष्य ओढण्याची लांबी, ताण आणि पकड या बाबतीत कोणाच्याच मापाचे नसते. एका मापाचे बूट साऱ्या वर्गाने आळीपाळीने घालावेत तसा हा प्रकार आहे. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड, नेमयंत्र, रिलीज, स्थिरक दांडे आणि कार्बनचे बाण असा पूर्ण संच घ्यायचा, तर खर्च लाखांत जातो. साताऱ्याच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये बर्लिन येथे वयाच्या १७ व्या वर्षी जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा तिच्या शिक्षक वडिलांनी साहित्यासाठी कर्ज काढल्याच्या बातम्या सर्वत्र आल्या. त्या कौतुकाने वाचल्या गेल्या, परंतु त्यांचा उलटा अर्थ फारसा कोणी लावला नाही. ज्यांना कर्ज मिळाले नाही, किंवा ज्यांनी ते काढण्याचे धाडस केले नाही, ते सगळे याच पायरीवर थांबतात.

शासनाची मदत या पायरीच्या दोन्ही बाजूंना आहे, पायरीवर मात्र नाही. खालच्या बाजूला व्यायामशाळा विकास अनुदान, क्रीडांगण विकास अनुदान आणि क्रीडासंकुलांची बांधकामे आहेत. वरच्या बाजूला पदक मिळाल्यानंतरची रोख बक्षिसे, थेट नियुक्त्या आणि पुरस्कार आहेत. मधल्या टप्प्यावर, म्हणजे राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचलेल्या १५-१६ वर्षांच्या मुलाला दोन-तीन वर्षांसाठी त्याच्या मापाचे धनुष्य वापरायला मिळावे आणि त्याची उंची वाढली की ते परत घेऊन दुसऱ्याला द्यावे, इतकी साधी व्यवस्था जिल्हा वार्षिक योजनेच्या रकमेत सहज बसते. संकुलाच्या एका संरक्षक भिंतीच्या खर्चात असे कित्येक संच येतील. भिंतीचे उद्घाटन होते आणि धनुष्याचे होत नाही, हे या असमतोलाचे एक कारण असावे.

जिल्ह्याचा भूगोलही सहभागाची वाटणी करतो. स्थानिक बोलण्यात जिल्ह्याचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग पडतात : अजिंठ्याच्या रांगेच्या पठारावरील बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हा वरचा भाग, आणि पूर्णेच्या खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा खालचा. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून जातो, उन्हाळ्याचा कडाका तेथे अधिक असतो, तर सराव आणि प्रशिक्षक घाटावरच्या मुख्यालयात आहेत. तिरंदाजी आठवड्यातून एकदा येऊन शिकण्याचा खेळ नाही. रोज शेकडो बाण सोडल्याशिवाय हात बसत नाही. त्यामुळे संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या मुलाने खेळायचे म्हणजे बुलढाण्यात खोली किंवा वसतिगृह पाहायचे, आणि तसे करायचे असेल तर बहुतेक कुटुंबे त्याच खर्चात मुलाला अकोल्याला वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेच्या शिकवणीसाठी पाठवणे पसंत करतात. अकरावी-बारावीत होणारी गळती यामुळेच खेळाच्या आवडीपेक्षा शिकवणी वर्गांच्या वेळापत्रकाशी अधिक निगडित आहे.

याच संदर्भात एक प्रचलित समज तपासून पाहावा लागतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत भिल्ल, भिलाला, कोरकू, निहाल या आदिवासी समाजांची वस्ती आहे, आणि 'धनुष्यबाण त्यांच्या रक्तातच आहे, त्यांना फक्त संधी द्या' असे विधान क्रीडाविषयक भाषणांत हमखास ऐकू येते. या विचाराला राष्ट्रीय पातळीवरचा आधार आहे : १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने विशेष क्षेत्र क्रीडा योजना राबवली आणि त्यातून राजस्थानच्या उदयपूर भागातील लिंबाराम हा आदिवासी तिरंदाज पुढे आला, ज्याने १९९२ मध्ये बीजिंग येथे आशियाई स्पर्धेत जागतिक विक्रमाची बरोबरी केली. तथापि त्या यशाचे श्रेय रक्ताला देण्यापेक्षा निवासी प्रशिक्षण, आहार आणि आधुनिक धनुष्य यांना देणे अधिक योग्य ठरते. शिकारीचा बाण जवळच्या, हलत्या सावजावर, अंदाजाने सुटतो. स्पर्धेचा बाण स्थिर लक्ष्यावर, तोच तोच कोन साधत सुटतो. पहिल्याचा सराव दुसऱ्यासाठी थोडीफार ओढ आणि आत्मविश्वास देतो, याहून अधिक नाही. बुलढाण्याचे आजवरचे यश पायथ्याच्या पाड्यांतून नव्हे, मुख्यालयातील सरावातून आले, आणि पाड्यांवरच्या मुलांना त्यात आणायचे असेल, तर आश्रमशाळेत राहणारा प्रशिक्षक आणि तेथेच उभे राहिलेले लक्ष्य एवढ्या दोनच गोष्टी लागतील. परंपरेचा गौरव करणारी भाषणे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

मुलींच्या सहभागाच्या दृष्टीने हा खेळ इतर मैदानी खेळांपेक्षा सोयीचा आहे. कंपाउंडमध्ये पुरुष आणि महिला दोघांचे अंतर ५० मीटर, लक्ष्य एकच, बाणांची संख्या एकच; त्यामुळे एकाच रेषेवर, एकाच वेळी, एकाच प्रशिक्षकाकडे दोघांचा सराव होऊ शकतो आणि मुलींसाठी वेगळी तुकडी भरण्याइतकी संख्या जमण्याची वाट पाहावी लागत नाही. कबड्डी किंवा खो-खोच्या संघाला एका गावात पुरेशा मुली मिळाल्या नाहीत तर संघच उभा राहत नाही. तिरंदाजीत एकटी मुलगीही पूर्ण खेळाडू असते. खेळाचा पोशाख, शरीरस्पर्श, पडणे-झडणे या मुद्द्यांवरून घरात होणारा विरोधही येथे कमी होतो. मोनाली जाधव यांचे उदाहरण गणवेशातील स्त्रीचे असल्याने मुलींच्या घरच्यांना ते आणखी पटण्यासारखे आहे.

रायफल आणि पिस्तुलाच्या नेमबाजीबाबत परिस्थिती वेगळी आहे, आणि ती का वेगळी आहे हे पाहण्यासाठी महाराष्ट्राच्या नेमबाजीचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा लागतो. या खेळाशी मराठी माणसाचा संबंध जुना आहे : १९५१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने घेतली जाते. अंजली भागवत २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोहोचल्या, सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ मध्ये आशियाई सुवर्ण, आणि राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक. या यादीत कोल्हापूरचा वाटा मोठा आहे, आणि त्यामागे दुधाळी येथील सार्वजनिक रेंज व जयसिंग कुसाळे यांच्यासारखे प्रशिक्षक आहेत. स्वप्नील कुसाळे यांची वाट मात्र वेगळी होती. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत, म्हणजे निवडलेल्या शाळकरी खेळाडूंना निवासासह प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेत, त्यांनी २००९ मध्ये प्रवेश घेतला आणि नेमबाजी तेथे निवडली. खेड्यातील मुलाला घरापासून दूर, पण घराच्या खर्चाविना घडवण्याचे जे काम प्रबोधिनीने त्यांच्या बाबतीत केले, ते बुलढाण्यातील तिरंदाजांच्या बाबतीत आरंभी स्थानिक मैदानाने केले.

नेमबाजीपुढील कायदेशीर अडचण मात्र समजली जाते तितकी मोठी नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार २१ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय अग्निशस्त्राचा परवाना मिळत नाही. प्रशिक्षणासाठी त्याहून लहान वयाच्या व्यक्तीला विहित अटींवर शस्त्र वापरता येते, आणि नेमबाजी क्लबांना स्वतंत्र परवाना घ्यावा लागतो. पॉइंट टू-टू, म्हणजे ०.२२ इंच नळीच्या रायफलीला हे सर्व लागू होते. मात्र १० मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांची नळी ४.५ मिलिमीटरची असते, आणि २०१६ च्या शस्त्र नियमांतील मर्यादेपेक्षा कमी शक्तीच्या अशा साधनांना परवान्याची गरज राहत नाही. जागाही फार लागत नाही. बंदिस्त, चांगल्या उजेडाचा, १० मीटर अंतर सामावणारा हॉल पुरतो, आणि असा हॉल प्रत्येक तालुक्याच्या गावातील एखाद्या शाळेत असतो. या खेळाची खरी कसोटी वेगळ्याच जागी आहे. एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे साध्या छर्ऱ्याच्या बंदुकीवर शिकलेला मुलगा काही महिन्यांतच उपकरणाच्या मर्यादेला जाऊन आदळतो, आणि मग परदेशी रायफल, ताठ कापडाचे जाकीट, विशेष बूट आणि इलेक्ट्रॉनिक लक्ष्य यांची साखळी सुरू होते. तिरंदाजीत बांबूचे धनुष्य ही जशी खरी, स्पर्धा असलेली पहिली पायरी आहे, तशी पायरी नेमबाजीत जवळजवळ नाही. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरांत महाविद्यालयीन मुलामुलींना पॉइंट टू-टू रायफलीवर गोळीबार करण्याची संधी मिळते आणि त्यांतील चांगले नेमबाज छात्रसेनेच्या राष्ट्रीय पातळीवरील थल सैनिक शिबिरापर्यंत जातात. पण शिबिर संपले की त्यांच्या हातात परत काहीच उरत नाही. छात्रसेनेतील या निवडक मुलांना वर्षभर सराव देणारा १० मीटरचा हॉल, ही जिल्ह्यात नेमबाजीच्या सुरुवातीची सर्वांत स्वस्त जागा ठरेल.

सुरक्षेच्या प्रश्नावर पालकांची भीती दोन्ही खेळांत सारखीच असते, आणि ती दूर करण्याचा उपाय व्याख्यानात नसून मैदानाच्या रिवाजात असतो. तिरंदाजीत दोन शिट्ट्या झाल्या की खेळाडूंनी रेषेवर यायचे, एक झाली की बाण सोडायला सुरुवात करायची, तीन झाल्या की सर्वांनी एकत्र बाण काढायला जायचे. मधल्या काळात रेषेच्या पुढे कोणीही पाऊल टाकायचे नाही. नेमबाजीत नळी नेहमी लक्ष्याच्या दिशेने आणि बोट घोड्यापासून दूर. ज्या क्लबात हा रिवाज पहिल्या दिवसापासून पाळला जातो, तेथे दहा-अकरा वर्षांची मुलेही विलक्षण शिस्तीने वागतात, आणि पाहायला आलेल्या पालकाची शंका तेथेच फिटते. ज्या ठिकाणी बाण काढायला जाणाऱ्या मुलांमागे दुसरे मूल धनुष्य ताणून उभे असते, तेथे प्रशिक्षकाने कितीही पदके दाखवली तरी त्या जागेला क्लब म्हणू नये.

बुलढाण्याच्या पद्धतीतील सर्वांत नाजूक दुवा म्हणजे तिचे एका माणसावर असलेले अवलंबित्व. पोलीस दलात बंदोबस्त असतो, बदल्या असतात, निवृत्ती असते. एका प्रशिक्षकाच्या सकाळ-संध्याकाळच्या वेळेवर उभा राहिलेला डोलारा त्या वेळेइतकाच टिकाऊ असतो. चांगले खेळाडू मोठे झाले की सोनीपत, पुणे किंवा सातारा येथील केंद्रांकडे जातात, आणि जाणे योग्यच असते. पण त्यांतील कोणी परत येऊन खालच्या फळीला शिकवावे, अशी व्यवस्था आपोआप होत नाही. खेलो इंडिया योजनेत माजी खेळाडूला प्रशिक्षक नेमून छोटे केंद्र चालवण्याची तरतूद आहे, आणि राज्य स्पर्धेपर्यंत जाऊन थांबलेली, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेली मुले-मुली हा त्यासाठी नैसर्गिक वर्ग आहे. पदकविजेत्यांपेक्षा ही मधल्या फळीतली माणसेच सहभागाच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरतात, कारण तालुक्याच्या शाळेत रोज जाऊन बांबूचे धनुष्य हातात देण्याचे काम आंतरराष्ट्रीय वेळापत्रक असलेला खेळाडू करू शकत नाही.

कंपाउंड प्रकारावर आजवर एक मोठी मर्यादा होती : तो आशियाई स्पर्धांत २०१४ पासून आहे, जागतिक स्पर्धांत आहे, पण ऑलिंपिकमध्ये नव्हता, त्यामुळे ऑलिंपिककेंद्री योजनांचा पैसा रिकर्व्हकडे जात असे. एप्रिल २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी कंपाउंड मिश्र सांघिक स्पर्धेला मान्यता मिळाली, ज्यात एक पुरुष आणि एक महिला मिळून खेळतात. याचा परिणाम म्हणून मोठ्या शहरांतील अकादम्या आणि खासगी प्रायोजक आता कंपाउंडकडे वळतील, उपकरणांची मागणी वाढेल, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्याने स्पर्धा कमी असताना मिळवलेली आघाडी टिकवणे कठीण होईल. मिश्र स्पर्धेमुळे तुल्यबळ मुली तयार करणाऱ्या केंद्रांना विशेष महत्त्व येणार असल्याने, येत्या दोन-तीन वर्षांत जिल्ह्याच्या राज्य निवड चाचणीला किती मुली स्वतःच्या मापाचे धनुष्य घेऊन उतरतात, ही संख्या पुढच्या पदकाच्या बातमीपेक्षा अधिक लक्ष देऊन पाहण्यासारखी असेल.